कोड चार

माझं अक्षर फार चांगलं आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं माझ्याबद्दल चांगलं म्हणावं असं काही येणार नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी शिरूर तालुक्यात, मांडवगण फराट्याच्या जवळच्या एका गावात, चौथीचा गुरुजी होतो. राहायला दौंडला. रोज सकाळी मोपेडवरून नदी ओलांडून शाळेत जायचं आणि संध्याकाळी धूळ अंगावर घेऊन परत यायचं. शाळेत शिक्षक चार, पण पत्र लिहायचं असलं, फळ्यावर स्वागत लिहायचं असलं, कुणाला निरोपाचं मानपत्र द्यायचं असलं की हाक मलाच. त्यामुळं मला वाटायला लागलं होतं, की ज्याला वळणदार लिहिता येतं त्याला सगळंच कळतं.

त्या वर्षी जानेवारीत मुलांच्या आरोग्य तपासणीचं पथक आलं. एक तरुण डॉक्टर, एक नर्सबाई आणि जीप. थंडीचे दिवस, त्यामुळं पोरांची तोंडं फुटलेली, पायांवर नखानं ओढलं तर पांढरी रेघ उमटावी अशी कोरडी कातडी. डॉक्टर एकेकाला पुढं घेत, डोळे, दात, नखं, बोटांच्या बेचक्या बघत आणि बोलत जात. नर्सबाई छापील तक्त्यात भराभर भरत होत्या.

"खरूज. घरात अजून कुणी खाजवतं का रे?"

"आज्जा खाजवतो. आन् आमचं कुत्रं."

"कुत्र्याचं राहू दे. औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं, मानेपासून खाली. कपडे, पांघरुणं उकळत्या पाण्यात. एकट्यानं लावलंस तर फुकट. काय सांगितलं?"

"कुत्रं राहू द्यायचं."

मी हसलो. मीच सगळ्यात मोठ्यानं हसलो, असं आठवतं.

तिसरीपर्यंत झालं आणि नर्सबाईंचा हात भरून आला. मी लगेच पुढं सरसावलो. "बाई, तुम्ही चहा घ्या निवांत. मी लिहितो. माझं अक्षर चांगलं आहे." बाईंनी सुटकेचा श्वास सोडला आणि तक्ता माझ्यापुढं सरकवला. त्यात नाव, वय, वजन असे रकाने होते. शेवटून दुसऱ्या रकान्यावर छापलं होतं, 'कोड'. त्याखाली बाईंनी कुठं एक, कुठं दोन, कुठं तीन असे आकडे टाकले होते. गोळ्या दिल्या असतील तितक्या, असं समजून मी ते सोडून दिलं. विचारायचं म्हणजे कमीपणा.

मला मात्र डॉक्टर रोगाचं नाव सांगायचे. गजकर्ण, उवा, काही नाही, काही नाही, उवा. मी शेऱ्यात सुंदर लिहीत होतो. सगळ्यात शेवटी एक मुलगी आली. तिची ओळख करून द्यायला हवी.

गावात चौकाशेजारी मोटार वायंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरची मोटार जळली की सगळा गाव तिथं. ते दुकान चालवणाऱ्या भाईंची ही धाकटी मुलगी. भाईंचं घर गावात पिढ्यान्‌पिढ्यांचं. माणूस शांत, तांब्याच्या तारेचे वेढे मोजताना कुणी हाक मारली तरी मान वर न करणारा. मुलगी मात्र भलती धीट. परिपाठाला रोजच्या बातम्या तीच वाचायची. वाचायची म्हणजे काय, वर्तमानपत्र छातीशी धरायचं, आधीच पाठ केलेलं असायचं, आणि सगळ्या शाळेकडं बघत खणखणीत सांगायचं. एकदा पावसाची बातमी सांगताना मध्येच थांबून म्हणाली, "हे पेपरवाल्यांनी लिवलंय, आमच्याकडं काय पडला न्हाई." तेव्हापासून लोक तिची बातमी ऐकायला शाळेच्या कुंपणाशी थांबायचे.

डॉक्टरांनी तिला दारातल्या उजेडात नेलं, गालावरून अंगठा फिरवला. डाव्या गालावर दोन फिकट, कोरडे ठिपके होते. कडा नीट नाहीत, पीठ लागल्यासारखे. तेवढ्यात जीपवाल्यानं हॉर्न द्यायला सुरुवात केली, पुढच्या शाळेला उशीर होत होता. डॉक्टर पिशवी उचलता उचलता म्हणाले, "कोड चार. पालकांना कळवा, काळजीचं..." आणि पुढचं हॉर्ननं खाल्लं.

काळजीचं काय, ते मी माझ्या मनानं पूर्ण केलं. आणि लिहिलं: 'कोड, चार ठिकाणी'.

दिसत दोनच होते. उरलेले दोन कपड्याखाली असतील, असा मी हिशेब जुळवला.

आता वाचणाऱ्याला कळलं असेलच. तक्त्याच्या मागच्या बाजूला यादी होती. एक म्हणजे खरूज, दोन गजकर्ण, तीन उवा, चार शिबं, म्हणजे गालावरचे साधे कोरडे ठिपके. कोड म्हणजे कोड नंबर. पथकातल्या लोकांची ती रोजची भाषा. दिवसभर नर्सबाईंना आकडे सांगणाऱ्या डॉक्टरांच्या तोंडून घाईत मलाही आकडा गेला. मला मागची बाजू बघायची सुबुद्धी झाली नाही, कारण पुढची बाजू भरण्यात मी रंगलो होतो.

त्या दुपारी मी शाळेच्या कागदावर पत्र लिहिलं. मला ते अजून पाठ आहे. 'आपल्या पाल्याची आरोग्य तपासणी केली असता तिच्या अंगावर चार ठिकाणी कोड आढळून आले आहे. सबब योग्य तो उपचार त्वरित करावा.' खाली शिक्का. 'सबब' या शब्दावर मी बेहद्द खूश होतो. घडी घालून पत्र त्या मुलीच्याच हातात दिलं. तिनं ते वाटेत वाचलं असणार. तिला सगळं वाचायची सवय होती.

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या आधी भाई हजर. शर्टाच्या खिशात पत्र.

"गुर्जी, चार कुठं हायती? आम्हाला दोनच दिसत्यात. तिच्या अम्मीनं सगळं अंग बघितलं."

इथं थांबता आलं असतं. साधा, मोजून बघणारा माणूस, त्यानं मोजून बघून मला सांगितलं होतं, की तुमचा आकडा चुकलाय. मी काय म्हणालो?

"सुरुवातीला दिसत नाहीत, भाई. हळूहळू दिसतात."

त्यांचा चेहरा उतरला. म्हणाले, "पोरीची जात हाय, गुर्जी. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? काय करावं?"

आणि मला काही विचारलं की माहीत नाही असं म्हणायची माझी पद्धत नव्हती. कुठल्याशा रविवारच्या पुरवणीत घरगुती उपायांच्या सदरात मी वाचलं होतं. म्हणालो, "बावचीचं तेल मिळतं काष्ठौषधीच्या दुकानात. ते लावायचं आणि कोवळ्या उन्हात बसवायचं. रोज."

"किती येळ?"

"अर्धा तास." हा आकडा सदरात नव्हता. तो मी घातला. अर्धा तास ऐकायला बरं वाटतं.

भाई शिरूरला जाऊन तेल घेऊन आले. मुलगी शाळेत येत होती, पण दोन दिवसांनी परिपाठाला पुढं यायला तयार होईना. मग आली. वर्तमानपत्र छातीशी नाही, तोंडासमोर धरून. आवाज तसाच खणखणीत, पण कागदाच्या मागून. एक पोरगं दुसऱ्याला म्हणालं, "रेडू लावलाय." रेडिओ, नुसता आवाज, तोंड नाही. मी त्याचा कान धरला. कान माझा धरायला हवा होता.

त्यानंतरच्या रविवारी मी तक्त्यांचा गोषवारा करायला कागद घरी दौंडला आणले होते. बायको शेजारी मेथी निवडत बसली होती. तिनं काड्या ठेवायला एक कागद ओढला, मी ओरडलो, तशी तिनं तो उलटा करून झटकला आणि दोन्ही बाजू वाचत बसली.

"अहो, हे कोड चार म्हणजे शिबं की."

"काय?"

"मागं लिहिलंय. मागची बाजू कधी बघता का तुम्ही? पोरांच्या गालावर थंडीत येतात ना, ती शिबी. आपल्या थोरल्याला नव्हती आली? दोन महिने खोबरेल चोळलं, गेली."

मी तिला पत्राचं सांगितलं. तेलाचं नाही सांगितलं, नुसतं पत्राचं. तिनं हातातली जुडी खाली ठेवली.

"उद्या पहिलं त्यांच्या दारात जा," ती म्हणाली. "शाळेत नंतर. आणि असं सांगा, की चुकलं. बाकी तुमचं अलंकारिक काही नको."

मी "हो" म्हणालो. खरोखर जाणारच होतो, आणि गेलोही. पण मोपेडवरच्या तासाभरात माझं डोकं चालायला लागलं. पत्रावर शाळेचा शिक्का आहे. सही माझी आहे. भाईंनी ते मुख्याध्यापकांना दाखवलं, तिथून केंद्रप्रमुखांकडं गेलं, तर पुढच्या प्रत्येक बैठकीत मला 'कोडवाले गुरुजी' म्हणतील. तेव्हा आधी पत्र ताब्यात घ्यावं, मग सावकाश, चांगल्या शब्दांत समजावून सांगावं. पुसून टाकलं की चूक राहते कुठं, असा काहीतरी फळ्यावरचा विचार.

दुकानामागं त्यांचं घर. अंगणात गेलो. भाई म्हणाले, "या, गुर्जी. च्या टाका गं." मुलगी ओट्याच्या कडेला उन्हाकडं डावा गाल करून बसली होती. गालावर तेल चमकत होतं. शेजारी भाईंनी मनगटावरचं घड्याळ काढून ठेवलं होतं. अर्धा तास म्हणजे अर्धा तास. ऊन कोवळं राहिलं नव्हतं; नऊ वाजून गेले होते.

"गुर्जी," ती मान न हलवता म्हणाली, "चुनचुनतंय."

"म्हणजे लागू पडतंय," तिची अम्मी आतून म्हणाली. मग मला विचारलं, "व्हय ना गुर्जी?"

मी चहाची बशी तोंडाला लावली. बशीच्या आडून म्हणालो, "भाई, ते पत्र जरा परत लागतंय. दप्तराला."

त्यांनी आत जाऊन पत्र आणलं. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. मी खिशात घातलं. आता सांगायचं, असं ठरवलं. मग अम्मीनं विचारलं, "अजून किती दिवस लावायचं?" आणि माझ्या तोंडून निघालं, "आता हळूहळू बंद केलं तरी चालेल."

हळूहळू! आज बंद करा, असं नाही. आत्ता धुऊन टाका, असं नाही. पोर समोर बसली आहे, चुनचुनतंय म्हणते आहे, आणि मला माझं तोंड वाचवायचं आहे. वाटेत ओढ्यापाशी मोपेड थांबवून मी पत्राचे बारीक तुकडे केले आणि पाण्यात सोडले. माझं सुंदर अक्षर वाहत गेलं, त्याचंही मला क्षणभर वाईट वाटलं, हे खोटं न बोलता सांगतो.

भाईंनी 'हळूहळू'चा अर्थ त्यांच्या पद्धतीनं मोजून लावला. अर्ध्या तासाची पंचवीस मिनिटं, पंचवीसची वीस. बुधवारी मुलगी शाळेत आली नाही. दुपारी भाई आले, तेव्हा त्यांच्या हाताला ग्रीस तसंच होतं.

"गुर्जी, गालावर फोड आलाय. पाण्यानं भरलाय. केवढा म्हणून सांगू."

दौंडला स्टेशनाच्या बाजूला दर गुरुवारी पुण्याहून कातडीच्या डॉक्टरीणबाई यायच्या, एका दवाखान्याच्या पुढच्या खोलीत बसायच्या. मी म्हणालो, उद्या मी रजा टाकतो, तुम्ही पोरीला घेऊन या.

त्या खोलीत मी जे पाहिलं, ते एरवी मी हसून हसून सांगितलं असतं. गजकर्णाला एका बाईनं पोराच्या पोटावर निळी शाई लावून आणली होती, तिथं गोल शिक्का मारल्यासारखं दिसत होतं. एकानं इसबावर टूथपेस्ट थापली होती. एका तान्ह्याला घामोळ्यांवर इतकी पावडर, की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळ आहे की भजं?" आणि मेडिकलमधून कुठलीशी ट्यूब आणून दोन महिने पोराच्या तोंडाला लावणाऱ्या एका बापाला तर त्यांनी उभंच केलं. "लेकरांच्या कातडीवर सगळ्यांनी प्रयोगशाळा काढल्यात. ती कातडी आहे, फळा नाही, लिहिलं आणि पुसलं असं व्हायला." सगळे खाली बघून हसले. मीही हसलो, आणि फळा हा शब्द ऐकून हसणं गिळलं.

आमची पाळी आली. त्यांनी मुलीच्या गालावरचं फडकं हलकेच काढलं. दिव्याखाली बराच वेळ बघितलं. फोडाच्या कडेला जुन्या शिब्याचा एक तुकडा अजून शिल्लक होता.

"हे भाजलंय. काय लावलं?"

"बावचीचं तेल. अन् उन्हात," भाई म्हणाले.

"त्या तेलानं कातडीला ऊन सोसत नाही. का लावलं पण?"

"कोड हाय म्हणून."

"कोड कुणी सांगितलं? हे शिबं होतं. साधं खोबरेल लावलं असतं तरी गेलं असतं, काहीच लावलं नसतं तरी गेलं असतं. आणि कोड असतं तरी काय झालं? ते लागत नाही कुणाला, त्यानं पोर कुणापेक्षा कमी होत नाही. त्याला औषधं आहेत, ती माझ्यासारख्याला विचारून द्यायची. कुणी सांगितलं?"

"शाळंतून चिठ्ठी आल्ती."

"बघू चिठ्ठी."

भाई माझ्याकडं वळले. त्यांच्या चेहऱ्यावर संशय नव्हता, मदत मागितल्यासारखं होतं. "ती गुर्जींनी परत नेली. दप्तराला."

डॉक्टरीणबाईंनी माझ्यापुढं हात केला.

"दप्तरात जमा आहे," मी म्हणालो.

हे सगळ्यात शेवटचं खोटं, आणि सगळ्यात फालतू. बाईंनी मलम लिहून दिलं, ऊन चुकवायला सांगितलं, फोड फोडू नका म्हणाल्या. डाग राहील का, असं भाईंनी विचारलं. त्या म्हणाल्या, "आत्ता सांगता येणार नाही."

आम्ही बाहेर आलो. स्टेशनासमोर रसवंती होती. मुलीला रस आणि आम्हाला दोघांना काही नको. ती बाकड्यावर बसून, गालावरचा रुमाल सावरत, चरकातून निघणाऱ्या चोथ्याकडं बघत होती. मी भाईंना दोन पावलं बाजूला घेतलं आणि बोललो. हॉर्न, आकडा, मागची यादी, बायकोची मेथी, ओढा. सगळं. पहिल्यांदाच माझ्या बोलण्यात सबब नव्हती.

भाईंनी विचारलं, "सोमवारी आमच्या अंगणात च्या पिला, तवा तुम्हाला ठावं होतं?"

"होतं."

"पोर समोर उन्हात होती."

"होती."

ते पोरीकडं बघत होते. आवाज चढला नाही. "वायंडिंगमदी वेढा चुकतो, गुर्जी. माझाबी चुकतो. मग सगळी तार उसवायची आन् पहिल्यापासून भरायची. दुसरं काय? पर चुकलेली मोटार मी कुणाच्या हिरीत सोडत न्हाई."

पुढं म्हणाले, "कागद मागायला आलात, तवा सांगायचं होतं."

चूक झाल्याचं त्यांना काही नव्हतं. चहाचं होतं. मी त्यांच्या घरचा चहा पीत गप्प बसलो, याचं. त्यांनी ना मुख्याध्यापकांना सांगितलं, ना गावात. मला वाटतं, सांगितलं असतं तर मला जरा हलकं झालं असतं. 'कोडवाले गुरुजी' हे नाव मी जन्मभर आनंदानं मिरवलं असतं.

फोड बसला. खपली गेली. आधी काळपट पडलं आणि मग मधोमध, चिंचोक्याएवढी, पांढरी जागा उरली. शिबी गेली होती, त्यांच्या जागी माझा डाग. दर गुरुवारी तिला दौंडला नेणं भाईंनी माझ्यावर सोपवलं नाही. ते स्वतः न्यायचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, लहान आहे, भरून येईलही. मी शाळेत सगळ्या वर्गांना एक तास घेऊन सांगितलं, की तिला कोड नव्हतं आणि नाही, चूक माझी होती. तिसरीतल्या एकानं हात वर केला. "मग तिच्या गालावर काय हाय?" मी फळा पुसायला वळलो. फळा कोराच होता.

ती बातम्या वाचत राहिली, कागद तोंडासमोर धरून.

एप्रिलमध्ये तिच्या पाचवीच्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरायचा होता. भाईंनी तिला माझ्याकडंच पाठवलं. अक्षर चांगलं म्हणून असेल. दुपारची शाळा सुटली होती, वर्गात आम्ही दोघंच आणि दाराशी तिची मोठी बहीण. नाव, जन्मतारीख, पत्ता भरला. एका रकान्यापाशी माझा हात थांबला. 'शरीरावरील ओळखीची खूण'.

मी म्हणालो, "कोपराजवळ तीळबीळ आहे का गं? तीळ लिहू."

"तीळ न्हाई."

"गुडघ्यावर पडल्याची खूण?"

"न्हाई." मग तिनं माझ्या हाताखालचा कागद स्वतःकडं ओढला, उलटा केला, मागची बाजू नीट वाचली आणि परत सुलटा करून माझ्यापुढं ठेवला. "मागं काय न्हाई," ती म्हणाली. "पुढंच लिहा. डाव्या गालावर पांढरा डाग."

माझ्याकडं सरळ बघत होती. मध्ये कागद नव्हता.

मी लिहिलं. लिहिताना अक्षर बिघडलं, 'गालावर'मधला काना तिरका गेला. तिनं ते बघितलं, पण खोडायला सांगितलं नाही.